देवाला जाब कोणी विचारायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, ज्यांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत, ते आपली कहाणी या गावापासून सुरू करतात. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, ती नवगावलाच पुरली, असं ते सांगतात. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, हळूहळू मराठी बोलू लागले. आजही त्यांच्यात एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करून देवाचे आभार मानतात.

ही कहाणी ऐकताना माझं लक्ष त्या चौदा जणांवर ठरत नाही, पुरलेल्यांकडे जातं. चौदा जणांना देवाने वाचवलं असं त्यांच्या वंशजांनी म्हणणं रास्तच आहे. पण बुडालेल्यांचं काय? त्यांना वंशजच झाले नाहीत. त्यांच्या बाजूची कहाणी सांगायला कुणी उरलं नाही. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येच्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी ज्याची बोट चुकली असेल त्याच्या घरी देवापुढे साखर ठेवली गेली असेल. ज्याने धावत जाऊन ती पकडली, त्याच्या घरच्यांनी देवापुढे काय ठेवायचं?

आजचा आपला विषय हाच. देव मायाळू आहे असं आपण म्हणतो, मग माणसाच्या वाट्याला एवढं दुःख तो का येऊ देतो? प्रश्न मांडायला काही फार विद्वत्ता लागत नाही. दुःख थांबवणं त्याला जमत नसेल, तर तो सर्वशक्तिमान कसला? आणि जमत असून थांबवत नसेल, तर मायाळू कसला? युरोपात लाइबनिट्झ नावाच्या तत्त्वज्ञाने 1710 मध्ये लिहिलं होतं, की जी जी म्हणून जगं शक्य होती त्यांतलं सगळ्यांत चांगलं जग देवाने निवडलंय. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी सर्व संतांचा सण होता, चर्चं माणसांनी भरलेली होती, आणि पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली. मागोमाग समुद्र आत घुसला, मग आगी लागल्या. त्यानंतर व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाने या ‘सगळ्यांत चांगल्या जगा’ची अशी काही रेवडी उडवली, की ते शब्द गंभीरपणे उच्चारणं अवघड होऊन बसलं.

आपल्याला लिस्बनपर्यंत जायची गरज नाही म्हणा. 3 जून 2020 ला आलेलं चक्रीवादळ श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. त्या वादळाचं नाव होतं ‘निसर्ग’. सकाळी उभी असलेली पोफळीची वाडी संध्याकाळपर्यंत आडवी. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, माडाचंही तसंच. सत्तरीच्या माणसाने नवी रोपं लावायची ती कुणासाठी? त्यात टाळेबंदी. पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर लावायला माणूस मिळत नव्हता आणि वीज तर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती.

त्या दिवसांत आमच्या वाडीतल्या एका काकूंकडे मी बसले होते. विचारपूस करायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “काकू, देव परीक्षा बघतो.” भल्या मनाचा माणूस, धीर द्यायलाच आला होता. काकू म्हणाल्या, “परीक्षा पोरांची घ्यावी. त्यांना पुढच्या इयत्तेत जायचं असतं. मला आता कुठे जायचंय?” ते गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले.

देवाची बाजू मांडणारी जी उत्तरं आहेत, ती सगळीच टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. ख्रिस्ती विचारवंत सांगतात की देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं. प्रेम करायला मोकळीक हवी तर वाईट वागायलाही ती आलीच. यात तथ्य आहे. पण 2012 च्या मार्चमध्ये दिवेआगरच्या देवळातला सोन्याचा गणपती दरोडेखोरांनी नेला, तेव्हा पहाऱ्यावरच्या दोन माणसांचा जीव घेतला. स्वातंत्र्य दरोडेखोरांचं आणि त्याची किंमत पहारेकऱ्यांनी मोजायची, तीही देवाचीच राखण करताना, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. शिवाय वादळाला, दरडीला कसलं आलंय स्वातंत्र्य?

तिथे दुसरं उत्तर पुढे येतं. जग नियमांनी चालतं, आणि नियम माणूस बघून बदलले तर जगणंच अशक्य होईल. ज्या पावसावर आपलं भात पिकतं, विहिरी भरतात, तोच जांभ्याखालच्या मातीत मुरून डोंगर खाली आणतो. एका घरावर पडेल आणि शेजारच्या घराला वगळेल असा पाऊस असता, तर कोणत्या भरवशावर आपण तरवा, म्हणजे भाताची रोपं, पेरली असती? बुद्धीला हे पटतं, मलाही पटतं. फक्त 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली, त्यांतल्या एखाद्याच्या आईपुढे उभं राहून हे म्हणायची माझी छाती होणार नाही.

आणि आपलं घरचं उत्तर म्हणजे कर्म. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा मूळ ग्रंथ, त्यांत देवावर चक्क दोन आरोप ठेवलेले आहेत, एक पक्षपाताचा आणि दुसरा निर्दयपणाचा. आपल्या परंपरेचं मला इथे कौतुक वाटतं, आरोपपत्र तिने स्वतःच लिहून काढलं. शंकराचार्य त्याला उत्तर देताना पावसाचाच दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बीतून भात येतो आणि जवाच्या बीतून जव. तसा देव सर्वांना सारखाच, फरक पडतो तो ज्याच्या त्याच्या कर्मामुळे. मग पहिलंवहिलं कर्म कुठून आलं? तर संसाराला आरंभच नाही, असं पुढचं सूत्र सांगतं.

तर्क म्हणून हे भक्कम आहे. पण हा तर्क कुणाच्या तोंडी गेला आणि कुणाला ऐकवला गेला, तेही बघायला हवं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी गुराढोरांना चालत होतं, अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना नव्हतं. तुमचं पूर्वजन्मीचं पाप, भोगा, असं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांची घागर भरलेली होती. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आपल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो प्याले. पूर्वजन्मीचं पाप म्हणून सगळे घरी बसले असते तर तहान तशीच राहिली असती.

म्हणून मी ही उत्तरं खरी की खोटी, या वादात आता फारशी पडत नाही. ती कोण कोणाला सांगतंय, ते आधी बघते. भागवतात कुंती कृष्णाला म्हणते, आमच्यावर संकटं येतच राहू देत, कारण संकटात तू दिसतोस. केवढं मोठं मागणं! पण ते तिने स्वतःसाठी मागितलंय. लाक्षागृह तिने पाहिलंय, मुलांचा वनवास तिने सोसलाय. शेजारणीच्या घरावर झाड पडलं असताना तिच्या दारात जाऊन ‘संकटात देव दिसतो हो’ म्हणणारी बाई कुंती नव्हे. तुकोबांचंही तसंच. दुष्काळात त्यांची पहिली बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तेच तुकोबा दुसऱ्या एका अभंगात म्हणतात, देवा, दिवाळं निघालं, दुष्काळाने पीडा केली, ते बरंच झालं, त्यानेच तुझ्याकडे वळलो. हे म्हणण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा. ‘तुकोबा, बरं झालं हो बायको गेली, आता भक्ती होईल’ असं त्या काळात देहूत कुणी येऊन म्हणालं असतं, तर त्याला काय म्हणायचं? दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. दुसऱ्याने लावून दिलेला अर्थ मला तरी अपमानासारखा वाटतो.

बायबलातली ईयोबाची गोष्ट याच वाटेने जाते. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं आली. मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले. तेवढं त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि सुरू झाले, तुझं काहीतरी चुकलं असणार, देव उगीच कुणाला शिक्षा करत नाही. ईयोब मात्र देवाशी कडाकडा भांडतो, समोर ये आणि बोल म्हणतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ‘का’ याचं उत्तर देतच नाही, सगळ्या सृष्टीचा पसारा ईयोबापुढे मांडतो. मला विचाराल तर ते उत्तर अपुरंच आहे. पण रागावतो कुणावर? देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर! माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा ईयोब बोलला, असं म्हणतो.

कोकणी माणसाला याचं नवल वाटायला नको. गाऱ्हाणं घालणं आपल्या रक्तात आहे. ग्रामदेवतेसमोर सगळा गाव उभा राहतो, मानकरी किंवा गुरव आवाज लावतो, “बा देवा म्हाराजा”, आणि मागून सगळे “होय म्हाराजा” म्हणतात. त्यात देवाला सरळ कामं सांगितलेली असतात, हे सांभाळ, ते निवार, याच्या पायाखालचा काटा काढ. पटलं नाही तर कौल लावून उलट विचारतो. आणि ही सगळी खटपट देवाला मानणाऱ्याचीच, बरं का. जो मानत नाही तो कशाला गाऱ्हाणं घालेल? जनाबाई विठोबाला कारटा म्हणते. तुकोबा तर एका अभंगात म्हणतात, माझ्या लेखी देव मेला. आज कुणी फलकावर असं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत मोर्चा निघेल.

आता एक वेगळी गोष्ट, ती सांगितल्याशिवाय हा विषय मला पुरा करता येणार नाही. देवाच्या नावे लिहिलेलं सगळंच दुःख देवाचं नसतं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं वाहून गेली. धरणाला गळती आहे, असं आपण आधीच कळवलं होतं, हे गावकरी सांगत होते. आणि त्या वेळच्या मंत्र्यांनी कारण दिलं, खेकड्यांनी धरण पोखरलं. निदान देवाला मध्ये आणलं नाही, एवढंच म्हणायचं! चिपळूणच्या 22 जुलै 2021 च्या महापुराचं बघा. बाजारपेठ बुडाली, घराघरांत चिखल. पाऊस आभाळातून आला हे खरं, पण वाशिष्ठी नदीच्या पात्रात वर्षानुवर्षं साठलेला गाळ आभाळातून आला नव्हता. चिपळूणकर उपोषणाला बसले, तेव्हा तो काढायला सुरुवात झाली. ‘देवाची मर्जी’ म्हणून गप्प बसले असते तर आणखी कित्येक पावसाळे तो तिथेच राहिला असता.

तेव्हा गाऱ्हाणी दोन ठिकाणी घालायची असतात, एक देवळात आणि एक कचेरीत. कचेरीतलं देवळात घातलं की अधिकारी सुटतात. देवळातलं कचेरीत मात्र घालता येत नाही. कॅन्सरने पोखरलेल्या चार वर्षांच्या पोराचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा? तिथे मग तोच उरतो, विटेवरचा, नाहीतर क्रुसावरचा, नाहीतर राऊळातला पाषाण.

तुमच्यातलं कुणी म्हणेल, बाई, ऐकायला तिथे कुणी नाहीच, तुम्ही दगडाशी भांडताय. असेलही. तसं नाही, हे मला सिद्ध करून दाखवता येणार नाही, आणि दाखवल्याचा आव आणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. मला एवढंच दिसतं, की देव मेला म्हणणाऱ्या तुकोबांची गाथा पानोपानी त्या विठोबाशीच बोलते. रुसते, शिव्या घालते, पण बोलते त्याच्याशीच. असं का, हे त्यांनाही कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही.

नमस्कार.