दिवाळीनंतरची हजेरी

(दृश्य : बीड जिल्ह्यातलं बालाघाटच्या डोंगरातलं गाव. ट्रकमध्ये पेट्या, भांडी, सरपण, शेळ्या आणि माणसं चढताहेत.)

निवेदन :

दिवाळी सरली. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार... या पट्ट्यातली गावं आता रिकामी व्हायला लागतील. ऊसतोडीसाठी मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडं निघालेत. परतणार ते गुढीपाडव्याच्या आगेमागे.

शाळेचं वर्ष मात्र जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. मूल आईबापाबरोबर ट्रकमध्ये चढलं, की जवळजवळ अख्खं दुसरं सत्र बुडालं.

(दृश्य : हजेरीपत्रकाचं पान.)

पटावर नाव आहे. ऑक्टोबरपर्यंतचे रकाने बऱ्यापैकी भरलेत. पुढं सगळे गैरहजेरीचे. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षातून किमान २०० दिवस शाळा भरावी लागते, सहावी ते आठवीला २२०. शाळा भरतेच की. मूलच तिथं नसतं.

तापानं बुडालेले चार दिवस भरून निघतात. मैत्रिणीची वही आणली, बाईंनी मधल्या सुट्टीत जवळ बसवलं, झालं. चार-पाच महिन्यांचं तसं होत नाही. तिसरीतली मुलगी घ्या. हातच्याची वजाबाकी जेमतेम जमायला लागली, तोवर आईबापाबरोबर फडात, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतात, गेली. वर्गात भागाकार झाला तेव्हा ती नव्हती. जूनमध्ये ती चौथीत बसते, आणि पुस्तक भागाकार येतो असं धरूनच सुरू होतं. ती फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घेते. तपासणाऱ्याला वही पूर्ण दिसते. उत्तर विचारलं की मान खाली. पुढच्या दिवाळीला आईनं ‘चल’ म्हटलं, तर सगळ्यात आधी तीच तयार असते. दाखला मागायला कुणी येत नाही, शाळा अशीच सुटते.

(दृश्य : उसाचा फड, पहाट.)

उजाडायच्या आत आईबाप फडात. कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, जनावरांसाठी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं. दहा वर्षांच्या मुलीवर अर्धा संसार असतो. त्यामुळं ‘पालक उदासीन आहेत’ हा अहवालांतला ठरलेला शेरा आम्हाला पटत नाही. लेकीला मागं ठेवायचं, पण कुणापाशी? आजीला धड दिसत नाही, चुलीपुढं बसवत नाही. मुलगी मोठी होत असली तर आईचा जीव आणखीच टांगणीला.

ही मुलं ज्या कोल्हापूरकडं जातात, तिथं शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. १९९२ मध्ये राज्य सरकारनं उलटी वाट धरली. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना पहिली ते चौथीत दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता. अट, ७५ टक्के हजेरी. म्हणजे फडात जाणारी मुलगी त्या रुपयालाही मुकली!

(दृश्य : गावातली शाळा, सकाळ. मुलं जेवताहेत.)

यापेक्षा कामाला येतं ते हंगामी वसतिगृह. नाव मोठं, पण बऱ्याच गावांत वेगळी इमारत नसते. शाळेतच सकाळ-संध्याकाळ जेवण, दुपारी पोषण आहार, रात्री झोपायला आजीकडं. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. आजीला चूल पेटवावी लागत नाही, म्हणून ती नातवंडाला ठेवून घ्यायला राजी होते.

जी मुलं तरीही जातात, त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्यावर कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली, की शाळा पुन्हा लांब.

वसतिगृहाचं सगळं गणित वेळेचं. मंजुरी डिसेंबरात आली तर जेवायला मुलं कुठली? ती कधीच गेलेली असतात. ट्रक लागायच्या आधी तिथलं जेवण सुरू व्हायला हवं. उचल तर पावसाळ्यातच घरात आलेली असते, तेव्हा कोण जाणार हे गावाला ठाऊक असतं. मुख्याध्यापकांनी यादी तेव्हाच करावी, आणि मुलाच्या नावापुढं एक रकाना जादा आखावा : घरी मागं कोण राहणार आहे?