सांता त्रिनिताची कमान

इटलीतलं फ्लॉरेन्स शहर. आर्नो नदी. हिरवट, संथ पाणी आणि त्यावर तीन कमानींचा पूल: सांता त्रिनिता.

जरा काठाशी उतरून बघू या. कमान खांबापासून झपकन वर चढते आणि मग अलगद सपाट होत जाते. दोन हातांत सैल धरलेली साखळी उलटी केली, तर असाच काहीसा आकार दिसेल. दगडातली इतकी हळुवार रेषा क्वचितच पाहायला मिळते.

१५५७ च्या महापुरात इथला आधीचा पूल वाहून गेला. नवा पूल बांधायचं काम ड्यूक कोझिमो मेदिचीने वास्तुकार बार्तोलोमेओ अम्मानातीकडे सोपवलं. १५६७ मध्ये बांधकाम सुरू झालं. पुराला वाट हवी, म्हणजे खांब कमी आणि गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, रुंद हवेत. मधला गाळा सुमारे ३२ मीटरचा. त्यावर अर्धवर्तुळाकार कमान घेतली, तर ती १६ मीटर उंच जाणार. मग गाड्या चढणार कशा? अम्मानातीने कमानीची उंची गाळ्याच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी ठेवली. अशी बसकी कमान दोन्ही बाजूंना जबरदस्त रेटा देते. तो पेलायला खांब भक्कम, आणि धार कापायला त्यांना नावेच्या नाळेसारखी टोकं.

१६०८ मध्ये, दुसऱ्या कोझिमोच्या लग्नानिमित्त, पुलाच्या दोन्ही टोकांना चार ऋतूंचे पुतळे उभे राहिले.

ऑगस्ट १९४४. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले पूल सुरुंगांनी उडवले. वाचला तो फक्त पोन्ते वेक्यो. (महिनाभरही झाला नव्हता, याच इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले होते.)

फ्लॉरेन्सकरांनी हट्ट धरला: पूल होता तसाच, होता तिथेच हवा. नदीत पडलेले दगड बाहेर काढले. कमी पडले तेवढ्यांसाठी बोबोली बागेतली खाण पुन्हा उघडली. पाथरवटांनी जुन्या पद्धतीने, छन्नी-हातोड्याने दगड घडवले. १६ मार्च १९५८ ला पूल खुला झाला.

पुतळेही परतले. पण फ्रांकाव्हिल्लाने घडवलेल्या वसंताला शिर नव्हतं. खूप शोध झाला, बक्षीसही जाहीर झालं.

ऑक्टोबर १९६१ मध्ये नदीच्या तळातला गाळ उपसताना ते सापडलं. सतरा वर्षं ते पुलाजवळच, आर्नोच्या चिखलात पडून होतं.