हाडांचं इंजेक्शन घ्यायच्या आधी दात दाखवून या

नमस्कार मंडळी, आजचा विषय प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या गाठीएवढ्या ग्रंथीचा कॅन्सर, आणि मी आहे दातांचा डॉक्टर. प्रोस्टेट कुठं, दात कुठं म्हणाल, तर थांबा जरा, सांगतो.

हा कॅन्सर पुढच्या स्टेजला गेला की बऱ्याचदा हाडात उतरतो, मणके, कंबर, मांडीचं हाड. मग फ्रॅक्चर होऊ नये म्हणून कॅन्सरचे डॉक्टर हाडांचं इंजेक्शन सुरू करतात. एक झोलेड्रॉनिक ॲसिड, ४ मिलिग्रॅम, शिरेतनं, नाहीतर डेनोसुमॅब, १२० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर ४ आठवड्यांनी. हार्मोनचं इंजेक्शन वेगळं हं, ते कॅन्सर दाबून ठेवायला. आमच्याकडं तात्या येतात, "इंजेक्शन चालू हाय" म्हणतात, आणि कुठलं ते सोबतच्या पोरालाही माहीत नसतंय, म्हणून येताना फाईल आणाच.

आता दातांचं काय. आपलं हाड रोज थोडं झिजतं आणि नवं भरतं, आयुष्यभर हे चालूच असतंय. ही औषधं ते झिजणंच दाबून टाकतात, मणक्याला ते बरं, पण जबड्याचं गणित वेगळं, कारण दाढ काढली की तो खड्डा भरायला जुनं हाड काढून नवं घालायचं हेच काम लागतंय आणि तेच बंद पडलेलं, त्यात वर हिरडीचं पातळ कातडं आणि तोंडभर जंतू. मग जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, आणि ते ८ आठवड्यांच्या वर तसंच राहिलं तर त्याला आम्ही ओएनजे म्हणतो, म्हणजे जबड्याचं हाड मरणं (ऑस्टिओनेक्रॉसिस ऑफ द जॉ). पू येतो, वास येतो, जेवण नको होतं.

घाबरू नका पण. २०११ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात एक मोठा अभ्यास आला, १९०० च्या वर पेशंट, त्यात डेनोसुमॅबवाल्यांत २ टक्के आणि झोलेड्रॉनिकवाल्यांत १ टक्का लोकांना हे झालं. म्हणजे बहुतेकांना होत नाही. तेवढ्यासाठी इंजेक्शनच नको म्हणणं हा वेडेपणा आहे, मणका मोडून अंथरुणाला खिळणं काय असतंय ते ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा.

फक्त क्रम चुकवू नका, आधी दात, मग इंजेक्शन. दुखत नाही म्हणून दात चांगले असं समजू नका. निपाणी-चिकोडीकडचे काका लोक येतात, तंबाखू-चुना वर्षानुवर्षं, दाढ दुखली तरी तंबाखूचीच चिमूट दाबून ठेवायची, आणि ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे फोटो काढला की मुळाखाली पू दिसतोय. शुगर असेल तर अजून सांभाळा. किडलेलं भरून घ्या, रूट कॅनाल करा, क्लिनिंग करा, टिकणारच नाही ती दाढ आत्ताच काढून टाका. कवळी टोचत असेल तर ती पण घासून बसवून घ्या, कवळीच्या जखमेनं सुद्धा हे सुरू होतंय.

दाढ काढली तर हिरडी मिटायला साधारण २-३ आठवडे द्यावे लागतात. तेवढं थांबायचं का हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं, कारण मणका नसेवर दाबत असेल, रक्तात कॅल्शियम फार वाढलं असेल, तर दातांसाठी थांबत बसत नाहीत. अथणी, खानापूरहून बेळगावला किंवा मिरजेला स्कॅनला येताच की, त्याच खेपेला दात दाखवा, बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज पण आहे.

आणि ज्यांचं इंजेक्शन आधीच सुरू झालंय त्यांनी डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते सांगायचं. शक्यतो दाढ काढण्यापेक्षा रूट कॅनाल करून वाचवतो आम्ही, इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात स्क्रू घालून दात बसवायच्या नादाला लागायचं नाही, आणि इंजेक्शन आपल्या मनानं बंद करायचं नाही. दात हलायला लागला, हिरडी सुजली, खालचा ओठ बधिर वाटला, की लगेच या. हलणारा दात घरात दोरा बांधून ओढायचा उद्योग तर अजिबात नको.