मालकाचा माग

(दृश्य : टेबलावर एक पारदर्शक पाकीट. कॅमेरा वरून.)

हे पाकीट हरवण्यासाठीच बनवलेलं आहे.

नीट पाहा. ते उघडावं लागत नाही. आत काय आहे ते हातात घेणाऱ्याला आपोआप दिसतं. तीन व्हिजिटिंग कार्डं, तिन्हींवर एकच नाव आणि एकच ई-मेल. सामानाची हातानं लिहिलेली यादी. एक किल्ली. आणि थोडे पैसे.

(दृश्य : तसंच दुसरं पाकीट पहिल्याच्या शेजारी ठेवलं जातं.)

हे दुसरं. सगळं तेच, फक्त पैसे नाहीत.

ही दोन पाकिटं आम्ही चित्रीकरणासाठी तयार केली. मूळ पाकिटं होती 17,303. ॲलन कोहन, मिशेल मारेशाल, डेव्हिड टॅनेनबॉम आणि ख्रिश्चन झुंड या चार संशोधकांनी ती 40 देशांतल्या 355 शहरांत ‘हरवली’. त्याचा अहवाल 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सापडलेल्या पैशांच्या गोष्टीत बहुधा एक गरीब माणूस असतो, नोटांनी भरलेली पिशवी असते आणि रात्रभराची तळमळ असते. सकाळी तो पिशवी परत करतो, लोक टाळ्या वाजवतात. या फिल्ममध्ये तळमळ फारशी दिसणार नाही. आम्हाला पाहायचंय ते परत करण्याचं काम. ते कसं होतं, कुठे अडतं, आणि कुणी सोपं करून ठेवलंय.

(दृश्य : पुनर्चित्रण. काउंटर. एक माणूस घाईघाईनं आत येतो.)

हा प्रसंग आम्ही नटांकडून करून घेतलाय, पण क्रम मूळ प्रयोगाचाच आहे. बँक, नाट्यगृह, संग्रहालय, टपाल कार्यालय, हॉटेल, पोलीस ठाणं, न्यायालय, अशा ठिकाणी एक अनोळखी माणूस आत शिरतो. समोरच्या कर्मचाऱ्यापुढे पाकीट ठेवतो. म्हणतो, हे इथंच बाहेर रस्त्यावर सापडलं, कुणाचं तरी पडलं असणार, मला घाई आहे, तुम्ही बघाल का? आणि निघून जातो. नाव देत नाही, पावती मागत नाही.

आता काउंटरमागचा चेहरा पाहा. पाकीट त्याच्या हातात आहे. साक्षीदार दारातून बाहेर पडलाय. ते खणात टाकून विसरून जाता येईल. किंवा कार्डावरच्या पत्त्यावर एक ई-मेल लिहावी लागेल. त्या पलीकडे ती ई-मेल संशोधकांकडे पोहोचणार होती आणि 100 दिवस तिची वाट पाहिली जाणार होती.

(दृश्य : नोटा मोजणारा हात.)

पैसे किती होते? अमेरिकेत 13 डॉलर 45 सेंट. बाकी देशांत तिथल्या चलनात, तिथल्या क्रयशक्तीप्रमाणे हिशोब करून. म्हणजे कुणाचं नशीब पालटेल अशी रक्कम नव्हे. पण पाहणाऱ्याला ती दिसत होती आणि आपण ती पाहिली हे त्याला ठाऊक होतं.

संशोधकांनी निकालाचा अंदाज लोकांना विचारला. सामान्य लोकांना वाटलं, पैसे असले की पाकिटं कमी परत येतील, आणि जितके जास्त पैसे तितकी कमी. 279 अर्थतज्ज्ञांनाही विचारलं. त्यांचा अंदाजही चुकला.

पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सरासरी 40 टक्के पाकिटांबद्दल ई-मेल आली. पैसे असलेल्यांबद्दल 51 टक्के. 40 पैकी 38 देशांत पैशांमुळे प्रमाण वाढलं.

(दृश्य : तिसरं पाकीट. जाड.)

मग अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत रक्कम वाढवली. 94 डॉलर 15 सेंटच्या तोलाची. या तीन देशांत रिकाम्या पाकिटांचं प्रमाण होतं 46 टक्के. थोडे पैसे असलेल्यांचं 61. जाड पाकिटाचं 72.

यावर दोन शंका लगेच येतात. पहिली, कॅमेऱ्याची किंवा शेजारच्या सहकाऱ्याची भीती असेल. संशोधकांनी ते तपासलं; फरकाचं कारण तिथे सापडलं नाही. दुसरी, ई-मेल आली म्हणून पैसे परत आले असं थोडंच आहे? काही ठिकाणी त्यांनी पाकिटं खरोखर परत घेऊन मोजलं. जवळजवळ सगळी रक्कम तशीच होती.

(दृश्य : किल्ली, अगदी जवळून. हे दृश्य लांबवावं.)

आणि ही किल्ली. आमच्या मते सगळ्या प्रयोगातली सगळ्यांत हुशार वस्तू हीच.

पैशांचा उपयोग सापडणाऱ्याला आहे. किल्लीचा नाही. ती कुठल्या दाराची आहे हेच त्याला माहीत नाही. तिचं मोल फक्त एका माणसाला, जो आत्ता बंद दारासमोर खिसे चाचपत असेल. त्या तीन देशांत काही पाकिटांतून संशोधकांनी किल्ली काढून टाकली; पैसे तितकेच ठेवले. दर शंभर पाकिटांमागे सुमारे 9 ई-मेल कमी आल्या. याचा अर्थ, परत करणारा स्वतःची प्रतिमा जपत असतो, चोर ठरायला नको म्हणून, हे खरं असलं तरी तेवढंच खरं नाही. त्या बंद दारासमोरच्या माणसाचाही विचार त्याच्या मनात येत असतो. तो मनात यायला मात्र काहीतरी दिसावं लागतं.

म्हणून वाटेत पडलेल्या सुट्या नोटेचा पेच वेगळा. तिलाही मालक आहेच, पण त्याच्याकडे जाणारी वाट नाही. ती उचलणाऱ्याला अप्रामाणिक म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

याच प्रयोगात देशांची क्रमवारीही निघाली. स्वित्झर्लंड, नॉर्वे वर, चीन तळाला. बातम्यांनी तीच उचलली. पुढे चिनी संशोधकांनी आपल्याकडे हा प्रयोग पुन्हा केला आणि ई-मेलबरोबर आणखी एक गोष्ट मोजली : पाकीट जपून ठेवलंय का? बहुतेकांनी ते जपून ठेवलं होतं, मालक शोधत येईल म्हणून. ई-मेल लिहिणाऱ्यांचं प्रमाण तिथेही थोडंच होतं. क्रमवारीचा तक्ता आम्ही दाखवत नाही, तो याच कारणानं.

(दृश्य : चित्रमालिका. जुनं शहर, कमानी, एका दाराला पडदा.)

आता सोळाशेहून जास्त वर्षं मागे. मिलान. इथलं आमच्याकडे अर्थातच काही चित्रित नाही, म्हणून चित्रं काढून घेतली. प्रसंग सांगितलाय ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीन यांनी, आपल्या एका प्रवचनात. आपण मिलानमध्ये असताना हे घडलं, असं ते म्हणतात. म्हणजे चौथ्या शतकाची अखेर.

व्याकरण शिकवणाऱ्या एका पंडिताची शाळा. तिच्या दारातल्या पडद्यापाशी बसणारा एक मदतनीस, अतिशय गरीब. त्याला एक पिशवी सापडली. आत सुमारे 200 सॉलिडस. सॉलिडस म्हणजे रोमन साम्राज्याचं सोन्याचं नाणं.

(दृश्य : भिंतीवर फलक लावणारा माणूस.)

त्यानं काय केलं पाहा. चौकात जाऊन ओरडला नाही. पैसे परत करायचे हे त्याला माहीत होतं, कुणाला करायचे हे नव्हतं. त्यानं लोकांना दिसेल अशा जागी सूचना लावली.

पिशवीचा मालक ती वाचून आला. मदतनिसानं पिशवी लगेच पुढे केली नाही. त्यानं खुणा विचारल्या. पिशवी कशी? तिच्यावरचा शिक्का कसला? नाणी किती? सगळं जुळलं, तेव्हाच दिली. ऑगस्टीन यांच्या श्रोत्यांना त्याचं औदार्य भावलं असणार. आम्हाला हे तीन प्रश्न भावतात. खुणा न विचारता पहिल्या आलेल्या माणसाला पिशवी देणं दिसायला भोळं आणि थोर. प्रत्यक्षात मालकाला दुसऱ्यांदा लुटणं.

(दृश्य : दोन माणसं, मधे पिशवी. चित्र हळूहळू बदलत राहतं.)

पुढचा प्रसंग जवळजवळ नाटकातला आहे. मालक खूश. दहावा हिस्सा म्हणून 20 नाणी देऊ करतो. मदतनीस नको म्हणतो. बरं, 10 घे. नको. निदान 5 तरी. तेही नको. मालक चिडतो, पिशवी फेकून देतो : तू काहीच घेणार नसशील, तर माझंही काही हरवलं नव्हतं! शेवटी नाइलाजानं मदतनीस घेतो, आणि लगेच सगळं गोरगरिबांना वाटून टाकतो.

तो मदतनीस ख्रिस्ती होता आणि पंडित मूर्तिपूजक. ऑगस्टीन टोमणा मारतात, की खुर्चीवरच्यापेक्षा पडद्याजवळचा माणूस बरा. प्रवचनकाराला आपला मुद्दा पुढे न्यायचा होता, हे ध्यानात ठेवूनच ऐकावं. पण त्या मालकाचा राग खोटा वाटत नाही. उपकार फेडू न देणारा माणूस अवघडच.

(दृश्य : चित्रमालिका. काळवंडलेला मुलगा, तळहातावर दागिना.)

लंडन, 1722. धुराडी साफ करणारा एक मुलगा, आर्मरी. त्याला खडे बसवलेला एक दागिना सापडला. किंमत कळावी म्हणून तो पॉल द लामेरी या नामवंत कारागिराच्या दुकानात गेला. शिकाऊ नोकरानं वजन करतो म्हणून दागिना घेतला आणि खडे काढून ठेवले. दुकानाच्या धन्यानं मुलाला तीन अर्धे पेनी देऊ केले. मुलगा म्हणाला, माझा दागिना द्या. त्याला नुसतं कोंदण परत मिळालं.

प्रकरण न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश प्रॅट यांनी सांगितलं की सापडणारा पूर्ण मालक होत नाही, पण खऱ्या मालकाखेरीज इतर सगळ्यांविरुद्ध त्याचा हक्क टिकतो. खडे हजर केले नाहीत तर ते उत्तमातले उत्तम होते असं धरून भरपाई ठरवा, असंही ज्यूरीला सांगितलं. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात. ज्याच्या अंगावरून तो दागिना पडला, त्याचा शोध घेतल्याची नोंद मात्र निकालात नाही.

(दृश्य : टोकियो. रस्त्याच्या कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी. वर्दळ.)

हा शोध सरकारनंच अंगावर घेतला तर काय होतं, ते इथे दिसतं. या चौकीला कोबान म्हणतात. सापडलेली वस्तू इथे द्यायची, अर्ज भरायचा. सात दिवसांच्या आत दिली तर मालकाकडून 5 ते 20 टक्के बक्षीस मागता येतं. तीन महिन्यांत मालक आला नाही तर रक्कम सापडणाऱ्याची. फोन किंवा ओळखपत्रांसारख्या वस्तू मात्र त्याला कधीच मिळत नाहीत, त्यांत दुसऱ्याची माहिती असते म्हणून. मिलानच्या मदतनिसाला जे एकट्यानं करावं लागलं, ते सगळं या अर्जात आहे.

(दृश्य : मोठी इमारत, बाहेरून.)

मालक न मिळालेल्या आणि कुणी न मागितलेल्या वस्तू शेवटी टोकियोतल्या इईदाबाशी इथल्या, पोलिसांच्या या हरवलेल्या वस्तूंच्या केंद्रात येतात. आमच्याकडे फक्त बाहेरची दृश्यं आहेत. 2018 साली टोकियोच्या पोलिसांकडे 380 कोटी येनहून जास्त हरवलेली रोकड जमा झाली आणि तिचा बराच मोठा भाग मालकांपर्यंत पोहोचला. शहर तेच, अर्ज तेच. छत्र्या मात्र शंभरांत एखादीच परत जाते. लोक त्या आणून देतात. मालकच येत नाहीत.

(दृश्य : गिंझा. संध्याकाळची गर्दी.)

आणि हा गिंझा भाग. एप्रिल 1980 मध्ये एका ट्रकचालकाला इथे रस्त्याच्या कडेला कापडात बांधलेलं गाठोडं दिसलं. आत 10 कोटी येन रोख. त्यानं ते पोलिसांकडे नोंदवलं. देशभर बातमी झाली. तेव्हाची मुदत सहा महिन्यांची होती. त्या मुदतीत खरा मालक पुढे आला नाही. इतकी रोकड हरवूनही न येणारा मालक कसा असेल, याचे तर्क जपानमध्ये बरीच वर्षं चालले. रक्कम चालकाची झाली. धमक्यांचे फोन आले, नोकरी सुटली, सुमारे 3 कोटी 40 लाख येन करात गेले, उरलेल्यातून त्यानं घर घेतलं.

सहा महिन्यांची ती मुदत डिसेंबर 2007 पासून निम्मी झाली आहे.