विचारायला शेजारी कुणी नसतं तेव्हा

‘घरून काम आणि कंपनीची सुरक्षा’ हा विषय मला दिला, तेव्हा मी वाय-फायच्या पासवर्डबद्दल बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. तेही बोलतो. राउटरबरोबर आलेला पासवर्ड बदला, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी करून ठेवा, म्हणजे प्रवासात तो हरवला तर नुसता लॅपटॉपच जाईल, माहिती नाही. झालं. एवढं अर्ध्या दिवसात उरकतं.

ऑफिसात विचित्र मेल आला की आपण काय करतो? खुर्ची जरा मागे सरकवतो आणि शेजारच्याला विचारतो, “अरे, तुलाही हे आलंय का?” तो म्हणतो, “छे, उडव ते.” विषय संपला. या दोन वाक्यांची नोंद कुठल्याही ऑडिटमध्ये होत नाही, पण रोज कितीतरी घोटाळे तिथेच मरतात. लोक घरी गेले तेव्हा आपण त्यांना लॅपटॉप दिले, घरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारा व्हीपीएन दिला. शेजारची खुर्ची द्यायची मात्र राहून गेली.

जुलै २०२०मध्ये ट्विटरचं काय झालं ते आठवा. कर्मचारी घरून काम करत होते आणि व्हीपीएन सारखा अडत होता. अशात फोन येतो : “आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची तक्रार आली आहे ना?” तक्रार तर खरीच असते! मग खऱ्यासारख्याच दिसणाऱ्या पानाची लिंक येते. कर्मचारी तिथे पासवर्ड टाकतो, पलीकडचा माणूस त्याच क्षणी तो खऱ्या पानावर टाकतो, कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर ‘हे तुम्हीच का?’ अशी विचारणा येते आणि तो ‘हो’ म्हणतो. या वाटेनं चोर आत शिरले आणि ओबामा, बायडेन, बिल गेट्स यांच्या खात्यांवरून बिटकॉइन मागू लागले. सूत्रधार १७ वर्षांचा होता. काही कर्मचाऱ्यांना संशय आला होता आणि त्यांनी तो कळवलाही होता. पण चोराला एकच जण पुरतो.

यातून एक तांत्रिक धडा निघतो. माणसाला वाचून टाइप करता येतो तो पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला कोड चोरालाही सांगता येतो. सिक्युरिटी की (लॅपटॉपला लावायची छोटी किल्ली) किंवा पासकी (मोबाइल-लॅपटॉपमध्येच साठवलेली तशीच डिजिटल किल्ली) यांचं तसं नाही. ती वेबसाइटचा पत्ता स्वतः तपासते आणि पत्ता खोटा असेल तर उत्तरच देत नाही. मोह माणसाला पडतो, किल्लीला पडत नाही. निदान ज्यांच्या हातात पैसे आणि ॲडमिनचे अधिकार आहेत, त्यांना तरी ती द्याच.

पण किल्ली लॉगिन राखते, माणसाचा विश्वास राखत नाही. २०२४च्या सुरुवातीला आरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराबद्दल मेल आला. त्याला संशय आला, आणि तो रास्तच होता. मग व्हिडिओ कॉल झाला. समोर वित्तप्रमुख, ओळखीचे सहकारी. संशय विरला. त्यानं १५ वेळा पैसे पाठवले, एकूण सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर. कॉलवरची ती सगळी माणसं डीपफेक होती, संगणकानं बनवलेली हुबेहूब नक्कल. पुढे त्यानं मुख्य कार्यालयात चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. ही चौकशी आधी झाली असती तर? म्हणून माझा आग्रह असा, की पैसे हलवायचे किंवा पासवर्ड बदलून द्यायचा, तर आलेल्या कॉलवर भरवसा नको. फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण उलट लावायचा. साहेबांना राग आला तर येऊ द्या, आणि हे साहेबांनीच आधी सगळ्यांना सांगून ठेवावं.

विसरलेल्या दारांबद्दल दोनच वाक्यं. २०२१मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीत चोर शिरले ते कुणी वापरत नसलेल्या जुन्या व्हीपीएन खात्यातून, आणि त्याला पासवर्डखेरीज दुसरं कुलूप नव्हतं. कोण नोकरी सोडून गेलं हे एचआरला कळतं त्याच दिवशी आयटीलाही कळायला हवं.

आता मी पाहिलेली गोष्ट. एका कंपनीत घरून काम करणाऱ्या बाईंनी चुकीची लिंक उघडली. चूक पाच मिनिटांत लक्षात आली, पण कळवायला त्यांना दोन दिवस लागले. का? आधीच्या महिन्यात असंच कळवणाऱ्या एकाचं नाव साहेबांनी सगळ्या टीमला पाठवलेल्या मेलमध्ये घातलं होतं. त्या दोन दिवसांत चोरानं त्यांच्या मेलबॉक्समधून ग्राहकांना नव्या बँक खात्याचे तपशील धाडले होते. पाच मिनिटांचं प्रकरण निस्तरायला तीन आठवडे गेले.

नंतर तिथे आम्ही एकच गोष्ट केली. “हे खरं आहे का?” एवढंच विचारायला एक नंबर ठेवला. तो माणूसच उचलणार आणि विचारणाऱ्याला कुणी हसणार नाही, एवढंच ठरवलं. पहिल्या महिन्यात निम्मे फोन बिनकामाचे होते. एक गृहस्थ तर प्रिंटर चालत नाही म्हणून रोज फोन करायचे. त्यांनाही आम्ही नीट उत्तर द्यायचो. सहाव्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, “आयटीतून कुणी बोलतोय, प्रिंटर दुरुस्त करायला पासवर्ड मागतोय. तुमचाच माणूस का?”

आमचा नव्हता.