फ्लॅश बंद, खेळ चालू

[दृश्य: ब्राउझरची खिडकी. मधोमध रिकामा राखाडी चौकोन.]

१२ जानेवारी २०२१ची सकाळ. चीनमधल्या दालियान शहराचा रेल्वे डेपो. कर्मचारी कामावर आले, कॉम्प्युटर सुरू केले, आणि रोजच्या वापरातली वेळापत्रकाची पानं काही केल्या उघडेनात. यंत्रं धडधाकट होती, नेटवर्क चालू होतं. गेला होता तो फक्त ब्राउझरमधला प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम: ॲनिमेशनं आणि खेळ चालवणारा अडोबी कंपनीचा फ्लॅश प्लेअर. गाड्या ठप्प झाल्याच्या बातम्या नंतर जगभर फिरल्या, पण तसं झालं नव्हतं. गाड्या धावतच होत्या. आत डेपोत मात्र माणसं सुमारे वीस तास खटपट करत होती, आणि शेवटी त्यांनी फ्लॅशची जुनी आवृत्ती परत बसवून काम सुरू केलं. या पराक्रमाची हकीकत डेपोने स्वतःच अभिमानाने जाहीर केली. लोकांनी यथेच्छ खिल्ली उडवली.

खिल्ली उडवायला हरकत नाही. अडोबीने जुलै २०१७मध्येच सांगून ठेवलं होतं की २०२०च्या अखेरीस फ्लॅश बंद. पण एक गोष्ट वेगळी होती. एरवी कंपनीने हात काढून घेतला तरी सॉफ्टवेअर चालत राहतं. विंडोज एक्सपीवर बिलं काढणारी दुकानं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये मात्र कंपनीने तारीखच बसवली होती. १२ जानेवारी उजाडला की प्लगइन स्वतःच चालायला नकार देणार. म्हणून ज्यांना फ्लॅश लागतोच, ते आजही ३२.०.०.३७१ हा आकडा शोधतात. ही तारीख नसलेली ती शेवटची आवृत्ती.

[दृश्य: जुनी फ्लॅश ॲनिमेशनं, एकामागून एक.]

फ्लॅशचं मूळ १९९६चं. फ्यूचरस्प्लॅश नावाचा छोटा प्रोग्रॅम मॅक्रोमीडियाने विकत घेतला आणि त्याचं नाव फ्लॅश ठेवलं. पुढे २००५मध्ये अडोबीने मॅक्रोमीडियालाच घेतलं. डायल-अपच्या काळात व्हिडिओ उतरवायचा म्हणजे चहा करून प्यायला वेळ मिळायचा. फ्लॅश चित्राचे ठिपके पाठवायचा नाही, रेषा आणि आकार पाठवायचा. त्यामुळे अख्खं कार्टून काही शे किलोबाइटमध्ये मावायचं. एकटा विद्यार्थी घरी बसून खेळ तयार करायचा आणि तो जगभर खेळला जायचा.

आणि त्याच प्लगइनमध्ये सुरक्षेची भोकंही शेकड्यांनी निघाली. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो: रोजच्या इंटरनेटच्या मशीनवर जुना फ्लॅश प्लेअर बसवू नका. डाउनलोडच्या नावाखाली व्हायरस वाटणाऱ्या जागा तर पैशाला पासरी आहेत.

तसाही तो बसायचा नाही. प्लगइन ज्या खोबणीत बसायचे, ती खोबणीच ब्राउझरांनी बुजवली. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली ती सोय क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये काढली, फायरफॉक्सने २०१७मध्ये. फ्लॅशला तेवढी थोडी सवलत मिळाली, तीही २०२१च्या सुरुवातीला संपली. म्हणजे जुना प्लगइन हवा, तर जुना ब्राउझरही हवा. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याने तर कमालच केली. त्यांचे काही फॉर्म अजून फ्लॅशमध्येच होते, तेव्हा ते भरण्यापुरता त्यांनी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला!

एखाद्या कारखान्यातल्या यंत्राचा कंट्रोल पॅनेलच फ्लॅशमध्ये असेल, तर इलाज नसतो. मग एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर उभा करायचा, बाहेरचं इंटरनेट तोडायचं, आणि फ्लॅशच्या एमएमएस.सीएफजी या सेटिंगच्या फाइलमध्ये फक्त त्या एकाच पत्त्याला परवानगी द्यायची. चालतं. पण ही मलमपट्टी आहे.

[दृश्य: हेक्स एडिटरमध्ये उघडलेली फाइल. पहिल्या तीन अक्षरांवर कॅमेरा जवळ.]

खरं काम रफलने केलं. फ्लॅशच्या फाइली चालवणारा हा नवा प्रोग्रॅम. ही फाइल बघा. फ्लॅशच्या फाइलचं शेपूट एसडब्ल्यूएफ, पण आत पहिली तीन अक्षरं दिसतात उलटी: एफडब्ल्यूएस. एफच्या जागी सी असेल तर समजायचं की पुढचा मजकूर दाबून लहान केलेला आहे. त्यापुढे आवृत्तीचा आकडा, मग फाइलची लांबी, आणि मग एकामागून एक सूचना: हा आकार लक्षात ठेव, तो इथे मांड, आता चौकट दाखव. रफल या सूचना वाचतो आणि स्वतः चित्र काढतो. अडोबीच्या प्लेअरची एक ओळही त्यात नाही. तो रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नव्याने लिहिलेला आहे आणि वेबअसेम्ब्ली या ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीमुळे आजच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये, त्याच्या कुंपणाच्या आत, चालतो. फोनवरसुद्धा! जे आयफोनने फ्लॅशला कधीच करू दिलं नाही, ते आता होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने रफल वापरूनच आपला फ्लॅश संग्रह खुला केला.

रफल अजून पुरा झालेला नाही. फ्लॅशच्या जुन्या भाषेतल्या, म्हणजे ॲक्शनस्क्रिप्ट एक आणि दोनमधल्या फाइली बहुतेक सुरळीत चालतात. २००६मध्ये आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट तीनमधल्या मोठ्या खेळांत मात्र अजून अधूनमधून काहीतरी अडतं.

[दृश्य: फ्लॅशपॉइंटची खेळांची यादी.]

फाइल वाचता आली म्हणजे खेळ सुरू होतो असंही नाही. बरेच खेळ आधी बघतात की आपण कोणत्या वेबसाइटवर आहोत. ओळखीचा पत्ता दिसला नाही की गप्प. फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पाने यावर नामी युक्ती काढली. तुमच्याच कॉम्प्युटरवर तो एक छोटा सर्व्हर चालवतो. खेळाने आपल्या जुन्या साइटकडे चित्र मागितलं, आवाज मागितला, की हा सर्व्हर मधेच ती मागणी पकडतो आणि संग्रहातली फाइल पुढे करतो. साइट कधीच बुडालेली असते, खेळाला पत्ता नसतो. २०१८च्या सुमारास सुरू झालेल्या या संग्रहात आज लाखाहून जास्त खेळ आहेत. त्यात फ्लॅशसारख्याच इतर जुन्या प्लगइनवरचे खेळही आहेत: शॉकवेव्ह आहे, सिल्व्हरलाइट आहे, जावा ॲप्लेट आहेत. त्यांतल्या शॉकवेव्हला रफलच्या तोडीचा पर्याय नाही, म्हणून तिथे मूळ प्लगइनच, बंदोबस्तात, चालवावा लागतो.

आणि काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. फार्मव्हिल आठवतंय? भल्या पहाटे उठून पिकं काढणारी मंडळी होती. ३१ डिसेंबर २०२०ला तो खेळ बंद झाला. त्याची फाइल मिळेलही, पण तुमचं शेत कंपनीच्या सर्व्हरवर होतं. ते रफलसारख्या कुठल्याच एम्युलेटरने, म्हणजे जुन्या प्लेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, उगवत नाही.

[दृश्य: ओरखडे पडलेली सीडी, ड्राइव्हमध्ये जाताना.]

आपल्याकडे माळ्यावर काय पडलंय, तेही बघायला हवं. २०००नंतरच्या दशकात मुलांसाठी निघालेल्या कित्येक मराठी सीडी, बडबडगीतं, बाराखडी, गणिताचे पाढे, फ्लॅशमध्येच केलेल्या होत्या. त्या काळी फ्लॅशला देवनागरी जोडाक्षरं धड जमत नसत. मग कलाकार मजकूर लिहून झाला की तो फोडून त्याचे नुसते आकार करून टाकत. तेव्हाची ही तडजोड आज पथ्यावर पडते. जुना फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी ‘ज्ञ’ हा ‘ज्ञ’च दिसतो.

अशा सीडीवर ईएक्सई फाइल असेल तर प्लेअर बहुधा तिच्या पोटातच असतो, आणि विंडोजवर ती आजही चालून जाते. मॅकसाठीची तशी फाइल असेल तर अवघड, कारण २०१९च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीपासून जुने, ३२ बिटचे प्रोग्रॅम तिथे बंद झाले. एसडब्ल्यूएफ फाइली असतील तर रफलचा डेस्कटॉप प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि त्यात उघडा. मात्र कॉपी करताना एकटी मुख्य फाइल उचलू नका. ती बाकीचे धडे आणि आवाज शेजारच्या फोल्डरमधून मागवते. फोल्डरांची नावं आहेत तशीच ठेवून अख्खी सीडी उतरवा.