शोरूमच्या आधी वर्कशॉप पाहा

नमस्कार, श्रोतेहो.

पाडव्याला किंवा दसऱ्याला नवी गाडी दारात उभी राहावी म्हणून आपल्याकडची अनेक कुटुंबे कित्येक महिने आधीपासून तयारी करत असतात. पेट्रोल घ्यावी की सीएनजी, कोणते मॉडेल, कोणता रंग, यावर घरात भरपूर चर्चा झडते; पण ती गाडी कोणत्या विक्रेत्याकडून घ्यायची, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा कुणा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर एका संध्याकाळी निकालात निघतो. खरेदीचा व्यवहार काही दिवसांत आटोपतो, आणि पुढची आठ-दहा वर्षे आपला संबंध येतो तो वर्कशॉपशी. म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, शोरूममध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी त्या विक्रेत्याचे वर्कशॉप पाहून यावे आणि निवडीची सुरुवात तिथूनच करावी.

वर्कशॉप पाहायला जायचे ते सकाळी, गाड्या जमा होत असताना, आणि शक्य झाल्यास पुन्हा एकदा संध्याकाळी, गाड्या परत दिल्या जात असताना. सकाळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडे लक्ष द्यावे. पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू येते, असे ग्राहकाने सांगितल्यावर तो जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, नुसते ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो, की ग्राहकाला शेजारी बसवून, गाडी खडबडीत रस्त्यावरून नेऊन तो आवाज स्वतः ऐकतो, एवढ्या एका गोष्टीवरून त्या वर्कशॉपची निम्मी परीक्षा होते. चांगल्या जॉब कार्डावर किलोमीटरचा आकडा, टाकीतले इंधन, बॉडीवरचे आधीचे ओरखडे, ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत आणि खर्चाचा अंदाज, इतके तरी लिहिलेले असते. संध्याकाळी बिलाच्या काउंटरपाशी थोडा वेळ थांबले की सकाळचा अंदाज आणि हातात पडलेले बिल यांत किती अंतर आहे, वाढीव कामासाठी ग्राहकाला आधी फोन गेला होता की नाही, बदललेले जुने पार्ट त्याला दाखवले जातात की नाही, हे सारे आपोआप कळते.

त्याच मॉडेलची गाडी टॅक्सीला लावणाऱ्या चालकांशी बोलणे तर मी सर्वांत मोलाचे मानतो. गाडी उभी राहिली की त्यांची त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे क्लच प्लेट कुठे नीट बसवली जाते, अपघातानंतर दरवाजा किंवा हेडलाइट यायला आठवडा लागतो की महिना, विम्याच्या कामाची कागदपत्रे कोण वेळेवर पुढे पाठवतो, याची उत्तरे त्यांच्याकडे असतात आणि ती विक्री प्रतिनिधीच्या उत्तरांपेक्षा पुष्कळ खरी असतात.

आता गावातला विक्रेता की मोठ्या शहरातला, हा प्रश्न पाहू. कराडच्या माणसाला पुण्याच्या शोरूममधून जास्त सवलतीचा फोन येतो आणि मन डळमळते. इथे एक गोष्ट स्पष्ट असावी: वॉरंटी कंपनीची असते, आणि सुरुवातीच्या मोफत सर्व्हिस साधारणपणे कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून मिळतात. पुण्यात घेतलेल्या गाडीला कराडमध्ये कुणी हात लावणार नाही, ही भीती निराधार आहे. सवलत मात्र विक्रेत्यागणिक बदलते आणि ती बदलण्यातच ग्राहकाचे हित आहे. विक्रेत्यांनी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सवलत देऊ नये असे बंधन घातल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. तेव्हा दोन-तीन ठिकाणचे लेखी कोटेशन घेण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. तरीही, फरक थोडा असेल तर गाडी जवळच्या विक्रेत्याकडूनच घ्यावी, असे माझे मत आहे. वॉरंटीत बसेल की नाही अशा काठावरच्या दुरुस्तीत कंपनीकडे शब्द टाकायचा तो विक्रेत्यानेच, आणि ज्याने गाडी विकली त्याला तो टाकण्याची निकड अधिक वाटते. शिवाय खंबाटकी घाट ओलांडून दीडशेहून अधिक किलोमीटर तक्रार घेऊन जाणे कुणालाच परवडत नाही.

कोटेशन हातात आले की शेवटच्या एका आकड्याकडे पाहून सौदा करू नये, प्रत्येक ओळ वाचावी. एक्स शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के आहे. त्यानंतर येतो राज्याचा मोटार वाहन कर. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला, ती व्यक्तीच्या नावावर असेल तर, हा एकरकमी कर ११ टक्के आहे; म्हणजे ८ लाखांच्या गाडीला सुमारे ८८ हजार रुपये. नोंदणीचे शुल्क ६०० रुपये आहे आणि कर्ज असेल तर बोजा नोंदवण्याचे १,५०० रुपये. पासिंगच्या नावाखाली याहून बरीच मोठी रक्कम लावलेली दिसली, तर कर किती आणि विक्रेत्याची सेवा किती, असे सरळ विचारावे. हँडलिंग चार्जेस हा तर सरकारी कर नव्हेच; तो कशाबद्दल घेता, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि हा प्रश्न विचारताच ती ओळ अनेकदा कोटेशनमधून निघूनही जाते.

सर्वांत जास्त गफलत विम्यात होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा घेता येतो, आणि विमा कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाचे असते. विमा आमच्याकडूनच घेतला पाहिजे, नाहीतर गाडी मिळणार नाही, असे सांगणारा विक्रेता पुढेही आपल्याशी कसा वागेल, याचा अंदाज श्रोत्यांनी तिथेच बांधावा. जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये: जुन्या विम्यावर जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जी ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, नव्या गाडीच्या विम्यात वळवता येतो. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी, आणि शक्यतो नोंदणीच्याही आधी, ती दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावी. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. ते आपल्याला सांगितलेल्याशी आणि चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्याशी जुळतो का, हे तपासावे. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ४२ वा नियम आहे. मुहूर्त टळेल म्हणून नोंदणीविना गाडी रस्त्यावर आणण्याची घाई कुणी करू नये. त्या काळात अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात मोठी अडचण उभी राहते.

सर्व्हिसिंग सुरू झाले की ऑइल आणि फिल्टर यांच्या जोडीला इंजिन डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग, एसीचे निर्जंतुकीकरण अशी कामे सुचवली जातात. त्यांतली काही एखाद्या गाडीला खरोखर लागतात, पण दहा हजार किलोमीटर चाललेल्या निरोगी गाडीला ती सरसकट लागत नाहीत. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कोणत्या किलोमीटरला काय बदलायचे, याचा तक्ता असतो. तो सोबत न्यावा आणि त्यात नसलेले काम का हवे, हे अ‍ॅडव्हायझरकडून समजून घ्यावे.

वॉरंटी संपल्यावर भरवशाच्या स्थानिक गॅरेजकडे वळणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. सुट्या भागांची कोंडी करून अशा स्वतंत्र गॅरेजना बाजाराबाहेर ठेवल्याबद्दल याच स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला होता. ते प्रकरणही अपिलात गेले, पण बाहेरच्या गॅरेजने गाडीला हात लावला की वॉरंटी सरसकट संपते, हे म्हणणे आयोगाने मान्य केले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इतके करूनही वाद झालाच, तर तक्रार तोंडी न ठेवता वर्कशॉपच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीला ईमेलने कळवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मार्ग निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. गाडी पुण्याची असली तरी कराडच्या ग्राहकाला साताऱ्यातच दाद मागता येते. तिथे बाजू मांडताना कोटेशन, जॉब कार्डे आणि बिले हाताशी लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून ती एका फाइलमध्ये लावून ठेवावीत.

नमस्कार.